भरल्या वाटीतील उपासमार

पक्षी पाळणाऱ्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आमचा पक्षी दाण्याखेरीज दुसऱ्या कशाला तोंड लावीत नाही.’ हे वाक्य बहुधा कौतुकाने उच्चारले जाते. लव्हबर्ड या चिमुकल्या पोपटाच्या आहाराविषयीचा सारा गैरसमज त्यात साठलेला आहे. पक्षी जे आवडीने खातो तेच त्याला पुरते, असे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीत चुकीचे आहे. आणि ते चुकीचे असल्याचा धडा माणसाने एकेकाळी पक्ष्यांकडूनच घेतला होता.

जावा बेटावरील बटाव्हिया, म्हणजे आजचे जाकार्ता, येथे ख्रिस्तियान आइकमान हे डच वैद्य बेरीबेरी रोगाचा शोध घेत होते. १८९० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या लुळ्या पडू लागल्या. लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यात उरलेला सडीक तांदळाचा पांढरा भात त्यांना घातला जात होता. पुढे नवा आचारी आला. लष्करी भात मुलकी कोंबड्यांना देण्याचे त्याने नाकारले, त्यांना पुन्हा कोंड्यासकट तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. पोट भरलेले असूनही शरीर उपाशी राहू शकते, हे त्यातून उलगडत गेले. १९२९ साली आइकमान नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. आपल्याकडेही १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरीच्या चौकशीसाठी एक छोटे पथक स्थापन झाले. हैदराबादची आजची राष्ट्रीय पोषण संस्था ही त्याचीच वाढलेली शाखा होय. जे ज्ञान पक्ष्यांमुळे लाभले ते पिंजऱ्यातील पक्ष्याच्या वाट्याला मात्र अजून पुरतेपणी आलेले नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्या बाजारांत लव्हबर्ड म्हणून पुष्कळदा जो विकला जातो तो वास्तविक ऑस्ट्रेलियातील बजरीगर असतो. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा. त्याच्या नऊ जाती असून त्यांपैकी एक मादागास्कर बेटावर व उरलेल्या मुख्य भूमीवर आढळतात. घरोघरी अधिक दिसणारा गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड नामिबिया व अंगोला येथील रुक्ष प्रदेशातला. त्याचे वजन जेमतेम ५० ग्रॅमच्या आसपास भरते. रानात तो थव्याने हिंडतो, पाणवठा शोधतो; बियांबरोबरच कळ्या, पाने व रानफळेही खातो. ऋतू पालटला की त्याचे ताटही पालटते. मध्य आफ्रिकेच्या अरण्यातील काळ्या गळपट्ट्याची जात तर तेथील उंबरवर्गीय फळांवर इतकी अवलंबून असते की ती पिंजऱ्यात जगविणे फार दुर्घट ठरले आहे.

अशा पक्ष्यापुढे घरी काय येते? राळे, करडई आणि सूर्यफुलाच्या बिया. सूर्यफुलाच्या गरात जवळजवळ निम्मे तेल असते. रानात मैलोगणती उडणाऱ्यास ते कदाचित पचेल. दीड हात पिंजऱ्यातल्या पक्ष्याच्या अंगी ते चरबी होऊन राहते आणि यकृतावर भार पडतो. या दाण्यांत ‘अ’ जीवनसत्त्व नाहीसेच असते. त्याच्या अभावी तोंड, नाक व श्वासमार्ग यांचे नाजूक अस्तर जाड व निबर होते आणि रोगजंतूंना वाट मिळते. कॅल्शियम थोडे व फॉस्फरस कितीतरी अधिक, हा दाण्यांचा दुसरा दोष. त्याचे फळ मादीला भोगावे लागते : अंडे अडकते, आणि कित्येकदा ती प्राणास मुकते. घरातील माणसे हळहळतात. परंतु वाटी तर भरलेलीच होती, असे म्हणून निश्चिंत होतात. बहुधा त्या वाटीत वरवर दिसतात ती नुसती टरफले असतात, कारण हा पक्षी दाणा सोलून खातो. फुंकर मारून पाहावयाचे कोणाला सुचत नाही.

दाणे सोलून खात असल्यामुळेच त्याला कोंबडीसारखी खडीची गरज नसते. उलट ती अधिक पोटात गेल्यास अन्नमार्ग तुंबतो. तरी ‘पचनासाठी’ म्हणून खडी विकली जाते व घेतलीही जाते. पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब घालण्याची रीतही अशीच व्यर्थ : औषध उजेडाने निकामी होते, आणि चव बिघडल्यास पक्षी पाणीच कमी पितो.

पोपटवर्गासाठी बनविलेल्या संतुलित गोळ्यांना काहीजण कृत्रिम म्हणून नाक मुरडतात. पिंजरा ज्यांना खटकत नाही त्यांना गोळी खटकावी, हे नवलच म्हणावयाचे. वास्तविक अशा गोळ्या हा आहाराचा मुख्य भाग, त्यांच्या जोडीला रोजची भाजी आणि दाणे मोजके, ही व्यवस्था सर्वांत भरवशाची होय. गोळ्या महाग पडतात, ही तक्रार मात्र खरी आहे. परंतु शेवग्याचा पाला, कोथिंबीर, किसलेले गाजर, लाल भोपळ्याची फोड, मोड आलेले मूग यांना कितीसा खर्च येतो? पालक अधूनमधूनच द्यावा. त्यातील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवून धरते. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्याला टांगावा. ॲव्होकॅडो हे फळ मात्र या पक्ष्यांना विषासमान आहे. चॉकलेट, चहा, कांदा व खारट फरसाण हेही कोणाच्या लाडापायी देऊ नये.

बदल घडवावयाचा तो सावकाश. दाण्यावर वाढलेला पक्षी नव्या पदार्थाला अन्न म्हणून ओळखतच नाही, आणि दाणे एकाएकी बंद केल्यास तो समोरच्या भाजीपुढे उपाशी मरू शकतो. म्हणून भाजी प्रथम दाण्यांत मिसळावी, सकाळी भूक लागलेली असता ठेवावी. घरातील कोणी त्याच्यासमोर ती खाल्ल्यासही तो पुष्कळदा पुढे येतो. शाळेच्या आवारात पिंजरा असेल तर ग्रॅम दाखविणारा लहान काटा तेथे अवश्य असावा. विद्यार्थ्यांनी रोज सकाळी पक्ष्याचे वजन फळ्यावर मांडावे. ५० चे ४५ झाले, तर तो आकडा दाणे पुन्हा वाढविण्यास आणि पशुवैद्याला बोलावण्यास पुरेसा आहे.