सोपाऱ्याची नुसती पाटी उरू नये



"रोमन लोक सोनं मोजून आपला माल घ्यायचे" अशा मजकुराचे फॉरवर्ड आपल्या सगळ्यांनाच येतात. छाती फुगते, आपणही चार जणांना पाठवतो. पण तो माल ज्या बंदरांतून जायचा, त्यांचं आज काय चाललंय हे मात्र कुणी विचारत नाही.

त्यातलं एक बंदर पश्चिम रेल्वेच्या पाटीवर रोज लाखो लोक वाचतात: नालासोपारा. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये भडोचच्या खाली सुप्पारा आणि कल्याण यांची नावं आहेत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्यातला 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा ढिगारा खणला. आत विटांचा स्तूप निघाला, त्यात दगडी पेटी, आणि पेटीत तांबं, चांदी, दगड, स्फटिक आणि सोनं अशा एकात एक ठेवलेल्या डब्या. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्याचा. हे सगळं मुंबईत एशियाटिक सोसायटी आणि वस्तुसंग्रहालयात नीट आहे. म्हणजे वस्तू वाचल्या. गावाचं काय?

स्तूप संरक्षित आहे. कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी, आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. ठीक. पण बंदर म्हणजे काही एक स्तूप नव्हे. धक्का, वखारी, बाजार, कारागिरांची वस्ती हे सगळं त्या वर्तुळाच्या बाहेरही असणारच. तिथे इमारतीचा पाया खणताना रोमन रांजणाचा तुकडा वर आला, तर जेसीबीवाल्याने तो ओळखायचा कसा, आणि ओळखला तरी काम का थांबवायचं?

मी राहतो त्या मनुरेवाचं उदाहरण बघा. ऑकलंडच्या या उपनगराचं नाव शेजारच्या विरी डोंगराच्या जुन्या माओरी नावावरून आलंय: ते मनुरेवा ओ तामापाहोरे, म्हणजे तामापाहोरेचा तरंगता पतंग. या डोंगरावर माओरींची तटबंदीची वस्ती होती. विसाव्या शतकात रेल्वेच्या खडीसाठी तो खणून संपवला. नाव राहिलं, डोंगर गेला.

आज इथला कायदा वेगळा आहे. २०१४ च्या वारसा कायद्याप्रमाणे १९०० च्या आधीच्या मानवी वावराची जागा, मग ती कुठल्या यादीत असो वा नसो, आधी परवानगी घेतल्याशिवाय हलवता येत नाही. आपल्याकडे संरक्षण मुख्यतः जाहीर झालेल्या वास्तूला; इथे जमिनीखालच्या पुराव्यालाच. फरक एवढाच, पण फार मोठा.

कायदा म्हणजे जादूची कांडी नाही, हेही खरं. विमानतळाजवळच्या इहुमाटाओला घरबांधणीविरुद्ध लोक जमिनीवर ठाण मांडून बसले, २०१९ मध्ये प्रकरण देशभर गाजलं, आणि २०२० च्या डिसेंबरात सरकारला ती जमीन २.९९ कोटी डॉलरना विकत घ्यावी लागली. आधी ऐकलं असतं तर स्वस्तात सुटलं असतं.

आता कुणी म्हणेल, "तुम्ही तिकडे बसून उपदेश करा, इथे माणसांना घरं नकोत का?" रास्त प्रश्न आहे. लोकलला लटकून कामाला जाणाऱ्याला सोपाऱ्यात परवडणारं घर मिळायलाच हवं. पण बांधकाम थांबवा असं मी म्हणतच नाहीये. सोपारा, कल्याण, चौल अशा जुन्या बंदरगावांत पाया खणण्याआधी पुरातत्त्वाच्या माणसाने जागा बघावी, काही निघालं तर नोंद करून खणावं, आणि खर्च बिल्डरने द्यावा, एवढंच. पुण्यात डेक्कन कॉलेजसारखी संस्था आहे, माणसं तयार होतात. हवी आहे ती परवानगीच्या कागदावर एक अट.

आमच्या धंद्यात डेटा उडाला तर निदान बॅकअप असतो. जमिनीतल्या थरांना तो नसतो. एकदा उपसले की संपलं.

आपल्यापैकी कित्येकांनी वसई-विरार पट्ट्यात फ्लॅट घेतलेत किंवा घ्यायच्या विचारात आहेत. बुकिंग करताना आपण पार्किंग विचारतो, पाणी विचारतो. जागेची अशी पाहणी झाली का, हेही विचारा. विचारणारं गिऱ्हाईक वाढलं की बिल्डरला उत्तर शोधावंच लागतं.

तुम्हाला काय वाटतं? तिकडची मंडळी असतील तर जरूर लिहा.