फोटो उतरवून वाढलेला भाव

आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकांत हल्ली एक नवा विषय शिरला आहे. जुना वन बीएचके घ्यायचा, फरशी, नळ, रंग सगळं नवं करायचं आणि वर्षभरात विकून टाकायचा. शिकलेल्या दुसऱ्या पिढीच्या हातात पगार आला, बँक कर्ज द्यायला लागली, तेव्हा हे होणारच होतं.

आम्ही याला नाक मुरडत नाही. बाबासाहेबांनी दादरला राजगृहाबरोबर चारमिनार ही दुसरी इमारत भाड्याने देण्यासाठीच बांधली होती. पुढे कर्जापायी 1941 साली ती विकावी लागली. त्यामुळे चळवळीच्या माणसाने घर-जमिनीच्या भानगडीत पडू नये, हा उपदेश आम्हाला नको. उपदेश करणाऱ्यांच्या नावावर सातबारे किती आहेत, ते आधी विचारा.

आमचं भांडण वेगळं आहे. पिंपरी-चिंचवडला आमच्यातल्याच एकाने असा जुना फ्लॅट घेतला. बाथरूमची गळती काढली, नवा ओटा बसवला, पुट्टी मारून रंग दिला आणि विक्री होईपर्यंत तिथेच राहायला गेला. गिऱ्हाईक यायचं, घर आवडायचं, पण परत फोन यायचा नाही. शेवटी दलाल म्हणाला, "साहेब, घर एक नंबर आहे. हॉलमधला तो फोटो तेवढा काढा." त्याने काढला. बाबासाहेब आणि बुद्धमूर्ती कपाटात गेली. पंधरा दिवसांत टोकन आलं. हे तो आम्हाला हसत हसत सांगत होता, धंद्यातली युक्ती म्हणून!

तो का वाकला, तेही समजून घेऊ. समजा फ्लॅट 40 लाखांचा आहे. 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 2 लाख 80 हजार, नोंदणीचे 30 हजार, दलालाचे 40 हजार, दुरुस्तीचे 5 लाख. 32 लाखांच्या कर्जावर 9 टक्क्यांनी वर्षाचं व्याज पावणेतीन लाखांच्या वर. विकताना पुन्हा दलाली. म्हणजे 52 लाखांच्या खाली विकलं तर खिशातून जाणार. वर दोन वर्षांच्या आत विकलं तर नफा उत्पन्नात धरून त्यावर कर. एवढा भाव नुसत्या फरशीतून निघत नाही. तो निघतो "सोसायटी चांगली आहे, लोक आपले आहेत" या वाक्यातून. फरशी बदलली की घराची दुरुस्ती होते. फोटो उतरवला की जातीची दुरुस्ती होते, आणि बाजार दुसरीचे पैसे जास्त देतो.

हा आमच्या मनाचा खेळ नाही. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याने घर मागणाऱ्यांचा अभ्यास केला, तो 2015 साली प्रसिद्ध झाला. फोनवर सवर्ण नावाला नकार मिळाला नाही. दलित नावाने विचारणाऱ्यांपैकी सुमारे 40 टक्क्यांना सरळ नकार तरी मिळाला किंवा वेगळ्या अटी घातल्या गेल्या.

पण सवर्ण घरमालकाला शिव्या घालणं सोपं आहे. आमच्या या मित्राने दुसरा फ्लॅट घेतला, तो न विकता भाड्याने दिला. दलालाने विचारलं, कोण चालेल? हा म्हणाला, "व्हेज फॅमिली बघा, पुढे विकायला बरं पडतं." बौद्ध मालकाच्या घरात बौद्ध भाडेकरू चालणार नाही! 1917 साली बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून बाबासाहेबांना काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. आज काठी नको. दलालाचा एक प्रश्न आणि आमच्याच माणसाचं एक उत्तर पुरतं.

कायदा काय करतो? घटनेच्या कलम 15(2) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आहेत. भाड्याच्या घराचा उल्लेख नाही. दुकान या शब्दाचा अर्थ व्यापक आहे, पैसे घेऊन सेवा देणारा त्यात येतो, हे बाबासाहेबांनी 1948 साली संविधान सभेत स्पष्ट केलं होतं. तरी अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा नियम मान्य केला. या लढाईला वकील लागतील, वर्षं लागतील. दलालाला "जात विचारू नकोस" म्हणायला मात्र वकील लागत नाही.

म्हणून ज्यांनी घरं घेतली आहेत त्यांच्याकडे आमची मागणी आहे. घर दाखवताना फोटो भिंतीवरच राहील. भाडेकरूची जात आणि ताट विचारलं जाणार नाही, आणि हे दलालाला लिहून द्यायचं. रिकामी खोली असेल तर आधी विहाराच्या फळ्यावर लिहायची, कारण शहरात शिकायला आलेली आपली मुलं आडनाव लपवून खोल्या शोधत फिरत आहेत. यात लाख-दोन लाख कमी येतील, घर दोन महिने जास्त पडून राहील. ते आम्हाला माहीत आहे.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर वाद घालायला यावं. येताना आपल्या भाडेकरारांच्या प्रती तेवढ्या घेऊन याव्यात.