भाच्याचा कॅमेरा आणि मी

दिवाळीत धाकट्या बहिणीचा मुलगा पाचगणीला चार दिवस राहून गेला. तो जर्मनीत असतो. तो गेल्यावर पाहते तर त्याची कॅमेऱ्याची पिशवी पलंगावरच! घाबरून फोन केला, तर म्हणाला, "विसरलो नाही मावशी, मुद्दाम ठेवलाय. जानेवारीत परत येतोय, तोवर तू वापर. काकांचा यशिका होता ना, तसाच आहे हा."

'तसाच' म्हटल्यावर राहवेना. पिशवी उघडली. आत लायका एम१०. काळा, चौकोनी, हाताला गार आणि लेन्ससकट किलोला थोडा कमी. किंमत काही त्याने सांगितली नव्हती. ती सुनेने इंटरनेटवर शोधून सांगितली. तेव्हापासून मी तो गळ्यातून काढून कुठेही ठेवत नाही.

तर मंडळी, गेला महिनाभर मी हा कॅमेरा वापरते आहे. त्याबद्दल चार शब्द लिहावेत म्हणून बसले.

आधी रेंजफाइंडर म्हणजे काय ते सांगते. (सवय जात नाही!) हात लांब करून अंगठा धरा. एक डोळा मिटून बघा, मग दुसरा मिटून बघा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकतो. अंगठा जवळ असेल तर जास्त सरकतो, लांब असेल तर कमी. या सरकण्यावरून अंतर काढता येतं, आपल्या भूमितीतल्या त्रिकोणासारखंच. कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला अशाच दोन खिडक्या असतात. दोन्हींत साधारण सात सेंटिमीटर अंतर. एकीतून आपण बघतो आणि दुसरीतली प्रतिमा मधोमध एका छोट्या उजळ चौकोनात पडते. लेन्सचं कडं फिरवलं की ती सरकते. दोन नाकं दिसत असतील तर अजून फिरवायचं, दोन्ही मिळून एक नाक झालं की फोकस झाला. यात यंत्र काही ठरवत नाही. नाक कुणाचं धरायचं हे आपणच ठरवायचं.

हे तंत्र जुनंच आहे. लायकाचा एम३ हा प्रसिद्ध कॅमेरा १९५४ सालचा. त्याच्याही आधी आँरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार असाच छोटा लायका घेऊन भारतात हिंडत होता. ३० जानेवारी १९४८ ला तो गांधीजींना भेटून बाहेर पडला आणि थोड्याच वेळात त्यांची हत्या झाली. त्यानंतरची दिल्ली त्याने याच कॅमेऱ्याने टिपली. डिजिटलचं वारं मात्र या जातीच्या कॅमेऱ्यांना उशिरा लागलं. पहिला डिजिटल रेंजफाइंडर एप्सन कंपनीने २००४ साली काढला. गंमत म्हणजे आत फिल्म नसूनही त्याला अंगठ्याने ओढायचा खटका होता! लायकाचा पहिला डिजिटल एम, म्हणजे एम८, २००६ मध्ये आला आणि माझ्या हातातला एम१० हा २०१७ चा. यातलं कार्ड काढायचं तर अजूनही तळाचं झाकण फिरवून काढावं लागतं, पूर्वी रोल भरायला काढायचे तसं.

आता माझे पराक्रम. पहिला फोटो काळाकुट्ट आला. लेन्सचं टोपण काढलंच नव्हतं! या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो. त्यामुळे टोपण असलं तरी आपल्याला सगळं लख्ख दिसतं. यशिकावरही मी हेच केलं होतं. नणंदेच्या मुलाच्या बारशाचे पहिले आठ-नऊ फोटो असेच गेले आणि ते कळलं रोल धुऊन आल्यावर, पंधरा दिवसांनी. नणंद अजून ऐकवते. या वेळी पडद्यावर लगेच कळलं. डिजिटलचा हा उपकार मानलाच पाहिजे.

पण त्याच पडद्याची खोडही लागली. कळ दाबली की बघ मागे, दाबली की बघ मागे. परीक्षेत काही मुलं एक प्रश्न लिहून झाला की मार्क मोजत बसतात आणि पुढचा पेपर राहून जातो, तसं माझं झालं. शेवटी ठरवलं, घरी गेल्याशिवाय पडदा बघायचा नाही. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तेव्हा उजव्या डोळ्याला दोन नाकं नीट दिसतात. मग विश्वास ठेवायला काय हरकत आहे?

भाचा म्हणतो, हा कॅमेरा माणसाला सावकाश करतो, हेच त्याचं मोठेपण. मला हे पटत नाही. सावकाशपणात कसलं आलंय मोठेपण? शेजारची नात पळत आली, मी कडं फिरवीपर्यंत ती मांडीवर येऊन बसली. पाऊण मीटरच्या आत हा कॅमेरा फोकसच करत नाही. सुनेच्या फोनवर तिचा सुरेख फोटो आला आणि माझ्याकडे आला तिचा धूसर कान. मुलांचे फोटो हवे असतील तर सरळ फोन वापरावा. उगाच जुन्याचं कौतुक करू नये.

मग या कॅमेऱ्यात आहे तरी काय? मला विचाराल तर एकच गोष्ट. खिडकीतून बघताना मधे एक उजळ रेघांची चौकट दिसते. फोटोत येणार ते त्या चौकटीतलं, पण चौकटीबाहेरचंही थोडं दिसत राहतं. फोनच्या पडद्यावर फोटोत येणार तेवढंच असतं आणि आपली नजर त्यालाच चिकटून राहते. इथे मात्र काय घ्यायचं राहिलंय तेही डोळ्यासमोर असतं. टेबललँडच्या पठारावर धुक्याचा फोटो घेत होते. डावीकडून एक घोडा येताना रेघेबाहेर दिसला. मी थांबले, तो चौकटीत आला, मग कळ दाबली. महिन्याभरातला माझा सगळ्यात बरा फोटो तोच.

आणि तिथे उभी असतानाच मला १९८६ आठवलं.

तेव्हा मी दहावीची वर्गशिक्षिका होते. फोटोग्राफर बोलावणं परवडायचं नाही म्हणून निरोप समारंभाचा ग्रुप फोटो मीच यशिकावर काढायची आणि प्रतीचे पैसे मुलांकडून गोळा करायची. त्या दिवशी ऊन उतरलं होतं, रोलमध्ये दोनच फोटो उरले होते. मुलं पायऱ्यांवर तीन रांगांत उभी. मी खिडकीला डोळा लावला. यशिकालाही अशीच उजळ चौकट होती. चौकटीबाहेर उजवीकडे एक मुलगा गुडघ्यावर बसून चपलेचा अंगठा नीट करत होता. बराच वेळ करत होता. माझ्या वहीत त्याच्या नावापुढचा पैशाचा रकाना रिकामा होता, हे मला माहीत होतं.

हाक मारली असती तर तो आला असता. पण रांग हलली असती, ऊन गेलं असतं, दोनच फोटो होते... मी कळ दाबली. दोनदा.

कॅमेऱ्याला दोष देता येत नाही. त्याने मला मुलगा दाखवला होता.

तो विद्यार्थी आता पन्नाशी ओलांडलेला आहे. टेबललँडच्या रस्त्यावर त्याची मक्याची कणसं आणि स्ट्रॉबेरीची गाडी असते. येता-जाता "बाई, चहा घ्या" म्हणतो. त्याचं नाव इथे लिहीत नाही. गेल्या आठवड्यात कॅमेरा घेऊन त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, "उभा राहा, फोटो काढते." त्याने बायकोला बोलावलं, कणसं भाजणाऱ्या पोराला बोलावलं, शेजारच्या गाडीवाल्यालाही ओढलं. मी मागे मागे सरकत गेले, पार रस्त्यापर्यंत. चौकटीबाहेर कुणी राहिलं नाही ना, हे दोनदा पाहिलं. मग कळ दाबली.

नंतर चहा घेताना हळूच विचारलं, "दहावीच्या फोटोत तू का नव्हतास रे?"

तो हसला. म्हणाला, "बाई, मला कुठं आठवतंय! फोटोचा कंटाळाच होता मला. म्हशी बांधायच्या असतील घरी."

खरं असेल. किंवा म्हातारीला कशाला टोचायचं म्हणून म्हणाला असेल. मी पुढे विचारलं नाही. सातारहून फोटोच्या चार प्रती करून आणल्या आणि चौघांना दिल्या. पैसे घेतले नाहीत, त्याने देऊ केले तरी.

तर माझं मत असं. हा कॅमेरा कुणी विकत घ्यावा असं मी सांगणार नाही. त्या पैशात खूप काही होतं. फोटो चांगला यायला एवढ्या महाग लेन्सची गरज नसते, हे माझ्या धूसर कानाने सिद्ध केलंच आहे. पण कळ दाबायच्या आधी पडद्यावरची नजर उचलून डावीकडे-उजवीकडे एकदा बघावं. लग्नात, बारशात, शाळेत, कुणीतरी चप्पल नीट करत बसलेलं असतंच. त्याला हाक मारावी. न आला तर न आला. आता रोल संपत नाही, त्यामुळे 'दोनच उरलेत' हे कारणही उरलेलं नाही. डिजिटलने माझ्यासाठी केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे हेच, माझी सबब काढून घेतली.

असो. जानेवारीत कॅमेरा परत जाईल. यशिका कपाटात आहे. त्याची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही, पण भाचा म्हणतो की थोडी खटपट करून दुसरी बसवता येते. त्याला सांगितलंय, येताना ती घेऊन ये. रोल अजून मिळतात. छत्तीस फोटोंत सगळ्यांना बसवता येतं का, ते एकदा पुन्हा बघायचं आहे.