माळावर बुकिंग फुल्ल!

ऑक्टोबर हीट सुरू झाली की पुण्यात आपण काय करतो? एसीवाल्याला फोन, दिवाळीच्या ट्रिपचं प्लॅनिंग आणि उन्हाच्या नावाने शंख. नेमक्या याच दिवसांत थेट कझाकस्तानकडून निघालेली काही मंडळी माझ्या मामाच्या शेतावर उतरतात. ना व्हिसा, ना बुकिंग!

मामाचं गाव इंदापूर तालुक्यात. पक्षी म्हटलं की पुणेकर गाडी काढून भिगवण गाठतो, उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो बघायला. जरूर बघा. पण त्यांना लागतो उथळ चिखल, आणि पावसाळा संपताना धरण भरलेलं असतं. पाणी उतरेपर्यंत खरी धमाल कोरड्या बाजूला. मामाच्या विहिरीपाशी शेपटी नाचवणारा धोबी हजर असतो, विजेच्या तारेवर भिंगऱ्यांची रांग, आणि सूर्य कलला की बाभळीवर भोरड्यांचा नुसता कल्ला. भोरडी म्हणजे गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची मैना. मामाचं आणि तिचं लव्ह-हेट रिलेशन आहे. आत्ता ती नाकतोडे खाते म्हणून गुणाची. जानेवारीत ज्वारीच्या कणसात दाणा भरला की हाच माणूस गोफण शोधायला लागतो.

माझा हीरो मात्र वेगळा. भोवत्या! शिकारी पक्षी, पण घारीसारखा आभाळात गिरक्या घेत बसत नाही. गवताच्या जेमतेम वरून, पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून, तरंगत जातो. मध्येच गर्रकन वळून खाली. पंजात नाकतोडा. नर राखाडी, मादी तपकिरी, आणि दोघांच्याही उडण्यात अशी काही नजाकत की बायनॉक्युलर खाली ठेववत नाही.

आणि हे महाशय रात्री झाडावर झोपत नाहीत. जमिनीवर, गवतात झोपतात, तेही एकत्र. जागा आवडली तर दरवर्षी तीच. गेल्या वीकेंडला पाच वाजल्यापासून मी गाडीतच बसून राहिले (गाडीला पक्षी फारसे बिचकत नाहीत, माणूस खाली उतरला की उडतात). सहाच्या सुमाराला एकेक करून अकरा भोवते आले, माळावर दोन-तीन चकरा मारल्या आणि गवतात गडप.

हा माळ म्हणजे मामाच्या शेताचा तीन एकरांचा मुरमाड तुकडा. तिथे ज्वारीही धड येत नाही. मेंढरं चरतात, बस्स. सरकारी भाषेत अशा जागेला बऱ्याचदा ‘पडीक’ म्हणतात. आणि ‘पडीक’ म्हटलं की प्रत्येकाला तिथे काहीतरी करावंसं वाटतं! कोणाला पाइपलाइन आणून ऊस लावायचा असतो, कोणाला प्लॉट पाडायचे असतात. माझ्या मामेभावाला ॲग्रो टुरिझम करायचंय. चार कॉटेजेस, लॉन, रेन डान्स, हॅलोजन. कुठे? बरोब्बर त्याच तीन एकरांवर.

“दादा, तिथे पक्षी झोपतात रे.”

“मग झोपू देत की दुसरीकडे. एवढा तालुका पडलाय.”

त्याचं अगदीच चूक नाही. त्याला दोन मुलं आहेत, ज्वारीच्या भावावर घर चालत नाही आणि पुण्यात बसून ‘निसर्ग वाचवा’ म्हणणं मला सोपं आहे. पण ‘दुसरीकडे’ म्हणजे कुठे? शेजारच्या माळावर ऊस आलाय. उंच, दाट उसात भोवत्याला ना शिकार दिसते, ना झोपायला मोकळं गवत मिळतं. मग मी त्याच्याच भाषेत बोलले. वनखात्याने २०२४ मध्ये ग्रासलँड सफारी सुरू केली, ती आपल्याच तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि पलीकडे बारामतीच्या शिर्सुफळला. लोक पैसे भरून लांडगा, खोकड आणि हेच भोवते बघायला येतात. लॉन काय, पुण्यात सोसायटी-सोसायटीत आहे.

मामा इतका वेळ गप्प होता. मग म्हणाला, “विहिरीकडच्या आंब्याखाली बांध की खोल्या. सावली तरी मिळंल पावण्यांना.”

दादाने तोंड वाकडं केलं, पण संध्याकाळी माझी बायनॉक्युलर घेऊन गाडीत जाऊन बसला. परत आला तेव्हा म्हणाला, “तेरा होते. तू दोन सोडलेस.”

पाच ते बारा नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या वाढदिवसांच्या मधला आठवडा, २०२० पासून सरकारी पातळीवर साजरा होतोय. त्या आठवड्यात दादा पहिले पाहुणे बोलावणार आहे, आमच्याच ऑफिसातले सहा जण. जेवण मामीच्या हातचं, हॅलोजन बंद, आणि अंधार पडल्यावर गवतात पाय ठेवायचा नाही.

भोवते मार्चच्या आसपास परत निघतात, तोवर माळाचं लेव्हलिंग थांबवलंय. जेसीबीवाल्याला दिलेला ॲडव्हान्स मात्र दादाने अजून परत मागितलेला नाही.