गॅलरीआधी माती

मैदानाच्या नूतनीकरणाची घोषणा झाली की आराखड्यात आधी कमान येते, मग प्रेक्षक गॅलरी, मग दिवे. खेळाडू ज्या जमिनीवर धावतो आणि पडतो, तिचा विचार सर्वांत शेवटी होतो. बुलडाणा जिल्ह्यात फुटबॉल रुजवायचा असेल तर हा क्रम उलटा केला पाहिजे.

मलकापूर, नांदुरा, शेगावच्या पट्ट्यातली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसती हिरवळ अंथरली तर जुलैत चिखल आणि एप्रिलमध्ये घोटा मुरगळणाऱ्या फटी ठरलेल्याच. काळी माती उपसायची, खडीचा थर द्यायचा, निचऱ्याच्या नळ्या टाकायच्या, वर वाळूमिश्रित माती पसरायची. हे काम फोटोत दिसत नाही, म्हणून निधी तिथेच कापला जातो. दुसरी गोष्ट जागेची. 400 मीटरच्या धावपट्टीच्या आत 105 बाय 68 मीटरचे फुटबॉल मैदान जेमतेम मावते. त्याच्या कोपऱ्यांजवळ सिमेंटचा कठडा अजिबात नको.

पण माती सुधारली म्हणजे खेळ आला, असेही नाही. मुंबईच्या कूपरेज फुटबॉल मैदानावर कृत्रिम हिरवळ आली. 1891 मध्ये सुरू झालेली मुंबईचीच रोव्हर्स कप फुटबॉल स्पर्धा मात्र या शतकाच्या सुरुवातीला बंद पडली, ती परतली नाही. कोल्हापूरचे राजर्षी शाहू स्टेडियम गजबजते ते वेगळ्या कारणाने. 1940 मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन तिथे हंगाम भरवते आणि पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमींचे संघ आपापल्या भागाची इभ्रत पणाला लावून उतरतात. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल आपला मानला, हे त्या शहराचे मोठेपण. तिथलाच अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

आपल्याकडे खामगाव, चिखली, मेहकरला उत्साही मंडळे कमी नाहीत. त्यांना क्रीडा संकुल समितीत जागा द्या आणि शाळा-महाविद्यालयांसह जिल्ह्याची साखळी स्पर्धा दरवर्षी ठरल्या महिन्यात घ्या. मैदानावर सभा आणि प्रदर्शने भरतात, खड्डे मात्र खेळाडूंच्या वाट्याला येतात. या सभा-प्रदर्शनांच्या भाड्यातला ठरावीक हिस्सा पाणी, गवत आणि माळ्याच्या पगारासाठीच राखून ठेवावा. मुलींच्या सरावाची वेळ संध्याकाळी उजेड असतानाची हवी, आणि ती फाटकावर लिहिलेली हवी.