ओव्हरक्लॉकिंग आणि बाबांचा खिसा

हॉस्टेलवर कुणाचं नवीन मशीन आलं की मेसच्या टेबलावर पहिला प्रश्न ठरलेला, "प्रोसेसर कुठला?" बोर्ड कुठला, हे कुणी विचारतच नाही. रॅमचं विचारलं तर उत्तर येतं, "सोळा जीबी, लाइटवाली!" मित्रहो, माझं भांडण या उत्तराशी आहे. घरून मिळालेल्या मोजक्या पैशांत ज्याला ओव्हरक्लॉकिंग करायचं आहे, त्याने यादीत बोर्डावर आधी विचार करावा आणि दिव्यांवर एक रुपयाही घालू नये.

चिपसेटचं थोडक्यात सांगतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर बी४५० किंवा बी५५० बोर्ड असेल तर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येतो, ए५२० वर नाही. इंटेलच्या बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, पण प्रोसेसरचा मल्टिप्लायर वाढवायला झेड मालिकेचा बोर्ड आणि 'के' वाला प्रोसेसर लागतो. म्हणजे खर्च वाढला. आपल्यासाठी एएमडीचा बी बोर्डच बरा.

पण खरी गोम व्हीआरएममध्ये आहे. एसएमपीएसकडून येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला चालतील अशा सव्वा व्होल्टच्या आसपास उतरवायचं काम हा भाग करतो. १.२ व्होल्टला १२० वॉट म्हणजे १०० अँपिअर! इलेक्ट्रिकलवाल्यांना यापुढे सांगायला नको. आता व्होल्टेज १.३ केलं आणि फ्रिक्वेन्सी ५ टक्के वाढवली, तर व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रिक्वेन्सी या हिशोबाने पॉवर सुमारे २३ टक्के वाढते. सगळ्यांत स्वस्त बोर्डावर व्हीआरएम उघडाच असतो, वर हीटसिंक नाही. मे महिन्यात आपल्या खोलीत तो तापतो आणि प्रोसेसरचा वेग आपोआप खाली येतो. म्हणून दुकानात बोर्डाचा खोका उघडून सॉकेटशेजारी धातूचे हीटसिंक आहेत का ते बघा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

जुने लोक १९९८ च्या सेलेरॉन ३००ए ची गोष्ट रंगवून सांगतात. बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा. दीडपट, तेही फुकटात! ते दिवस गेले. आताचे प्रोसेसर स्वतःच बूस्ट होतात, आपल्या वाट्याला थोडेच टक्के उरतात. वर ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही.

त्यामुळे माझ्या मते कमी पैशातली खरी कमाई रॅममध्ये आहे. डीडीआर४ च्या पाकिटावर ३२०० छापलेलं असलं तरी बायोसमध्ये एक्सएमपी प्रोफाइल चालू करेपर्यंत ती बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० वरच चालते. आत्ता टास्क मॅनेजर उघडून बघा, काही जणांना धक्का बसेल. घेताना सीएलचा आकडाही वाचा. ३२०० सीएल१६ चा लेटन्सी १० नॅनोसेकंद, ३२०० सीएल२२ चा १३.७५. आणि ३६०० सीएल१८? पुन्हा १०च. तिथे बँडविड्थ वाढते, पण वाट बघणं तेवढंच. शिवाय १६ ची एक काडी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या, म्हणजे ड्युअल चॅनेल मिळेल. ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटर्सच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले, तेव्हापासून तर दिव्यांचे पैसे देणं मला निव्वळ उधळपट्टी वाटते.

प्रोफाइल चालू केल्यावर मात्र रात्रभर मेमटेस्ट८६ लावा. एक जरी एरर आली तर वेग एक पायरी खाली आणा. अस्थिर रॅम मशीन बंद पाडेलच असं नाही. ती फाइलमधला एखादा बिट गुपचूप बदलते, आणि ती फाइल बीईच्या प्रोजेक्टची असू शकते.