टनांवर मोजलेली माणसं

यंदाच्या अंकाचा विशेष विभाग समुद्रावर आहे. त्याची जुळवाजुळव करताना एक हिशेब समोर आला आणि तो काही डोक्यातून जाईना. 1912 साली ‘टायटॅनिक’ निघाली तेव्हा तिच्यावर सव्वादोन हजारांच्या आसपास माणसं होती आणि जीवरक्षक होड्या वीस. त्यांत जागा 1178 जणांना. तरीही कायदा मोडलेला नव्हता! ब्रिटिश नियम 1894 चा. होड्या किती हव्यात ते तो जहाजाच्या टनांवरून ठरवी, आणि त्याचं कोष्टक दहा हजार टनांशीच संपे. ‘टायटॅनिक’ सेहेचाळीस हजार टनांची. नियमाने सोळा होड्या पुरत होत्या, म्हणजे चार वरकडच!

टन नव्हे, माणसं मोजायची, हे ठरायला दीड हजार जीव गेले. जानेवारी 1914 मध्ये लंडनला समुद्रावरच्या जीवितरक्षणाच्या ‘सोलास’ करारावर सह्या झाल्या: प्रत्येकाला होडीत जागा, बिनतारी संदेशांवर चोवीस तास कान. लगेच महायुद्ध पेटलं आणि करार लागू झालाच नाही. पुढे तो 1929, 1948, 1960 आणि 1974 मध्ये नव्याने लिहिला गेला. आज चालतो तो 1974 चा. त्यात एक शहाणपण आहे: मुदतीत पुरेशा देशांनी हरकत घेतली नाही, तर दुरुस्ती आपोआप लागू. आधी मंजुरीची वाट पाहण्यातच दुरुस्त्या म्हाताऱ्या होत.

पण ‘सोलास’ देशादेशांमधल्या सफरींपुरता. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी बोट त्यात येतच नाही. 17 जुलै 1947, आषाढ अमावास्या. याच वाटेवरची ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेवर माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईला कळलं ते जीव वाचवून आलेल्यांच्या तोंडून. कोकणातल्या जुन्या घरांत अजून तिचं नाव निघालं की क्षणभर कुणी बोलत नाही.

18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली, पंधरा जण गेले. लाइफ जॅकेटची सक्ती झाली ती त्यानंतर. आपल्याकडे नियम नेहमी प्रेतयात्रेच्या मागून चालत येतो.

अंक हातात देताना दिवाळीच्या शुभेच्छा आहेतच. सुट्टीत मांडव्याला किंवा घारापुरीला निघालात, तर लाँच धक्का सोडायच्या आत जॅकेट अंगात चढवा, पट्टे आवळा. ते कळकट असेल, वासही येईल. तरी घाला, आणि पोरांना आधी.